मगाचाच पत्ता परत निवडा

जादूगाराच्या चष्म्याची काडी निखळली ती नेमकी संध्याकाळी, खेळाला निघायच्या वेळी. एका हातात काडी, दुसऱ्या हाताने नाकावर धरून ठेवलेला उरलेला चष्मा, अशा अवतारात तो चष्म्याच्या दुकानात शिरला. तिथे काम करणारी ती काउंटरमागे मान खाली घालून काचा पुसत होती. समोरची माणसं दिसली नाहीत तर आज माझं काही खरं नाही, असं त्याने आल्या आल्या जाहीर केलं. ती नुसतं "बसा" म्हणाली आणि बारीक स्क्रूड्रायव्हर शोधायला लागली.

आता काडी बसेपर्यंत गप्प राहील तर तो जादूगार कसला. दुकानाचे मालक, ज्यांना ती काका म्हणायची, कोपऱ्यात पेपर वाचत बसले होते. त्याने खिशातून पत्त्यांचा कॅट काढला, काकांना एक पत्ता काढायला लावला. काकांनी बदामाची सत्ती काढली, तिला दाखवली, स्वतःच्या हाताने कॅटच्या मध्यभागी खुपसली. मग तो म्हणाला, काका, जरा माझ्या डोळ्यांत बघा आणि मी खोटं बोलणारा माणूस वाटतो का ते सांगा. काकांनी चांगलं निरखून बघितलं. तिने मात्र हातातलं काम थांबवलं नव्हतं. नजर फक्त चष्म्यावरून जराशी पुढे, त्याच्या बोटांवर गेली होती.

"पत्ता मधेच आहे ना?" त्याने विचारलं.

काका म्हणाले, मधेच आहे.

"वर आहे," ती म्हणाली. मान वर न करता. "करंगळीने फट धरून ठेवली होतीत. काका तुमच्याकडे बघत होते तेव्हा खालचा अर्धा कॅट वर आणलात. थोडा आवाजही झाला."

काकांनी हात लांब करून वरचा पत्ता उलटला. बदामाची सत्ती. त्यांना हसू आवरेना, पण जादूगाराचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

"तुम्ही माझ्याकडे बघितलं का नाहीत?" तो म्हणाला. आवाज खरोखरच दुखावलेला होता. "सगळे बघतात हो."

"मी दिवसभर डोळेच बघते. मला आता त्यांचं काही वाटत नाही."

"आणि हातांचं?"

तिने चष्मा त्याच्यापुढे धरला. "लावून बघा... कानाला बोचतो का सांगा."

त्याने चष्मा लावला आणि तिच्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. बोचत नाही म्हणाला. मग जरा रेंगाळून, बोचतोय थोडासा, असंही म्हणाला. पण ज्या रेस्टॉरंटमध्ये त्याचा खेळ होता तिथून फोन यायला लागला, तेव्हा त्याला जावं लागलं.

हातचलाखी तिला कशी कळली, हे त्याने विचारलं असतं तरी तिने सांगितलं नसतं. ते कुणालाच माहीत नव्हतं. काकांना नाही, आणि लांबच्या गावी दिलेल्या ताईलाही नाही. आई गेली तेव्हा घरात दोनच गोष्टी आईच्या हातच्या म्हणून उरल्या होत्या. एक स्वयंपाकघरातला शिस्तीत लावलेला डब्यांचा ढीग आणि दुसरा पत्त्यांचा कॅट. आई दुपारची एकटीच पत्ते लावत बसायची. लेकीने तो कॅट हातात घेतला तो नुसता चाळा म्हणून. संध्याकाळी दुकानातून आलं की घर इतकं शांत असायचं की शेजारच्यांच्या कुकरची शिट्टी आपल्याच घरची वाटायची. त्या शांततेत हातांना काहीतरी हवं होतं. हळूहळू बोटं शिकत गेली, मग टेबल आलं, टेबलावर गडद निळं कापड आलं, स्टँडवर फोन चढला. तिच्या व्हिडिओत फक्त मनगटापर्यंतचे हात दिसायचे. चेहरा नाही, आवाज नाही. बघणारे हजारोंनी होते आणि ते लिहायचे, काय हात आहेत, हे हात माणसाचे नाहीत.

कशाला असतील. एका मिनिटाच्या व्हिडिओसाठी ती सगळी संध्याकाळ घालवायची. पत्ता निसटला, परत. सावली पडली, परत. करंगळी दिसली, परत. जमलेला एक प्रयत्न लोकांना दिसायचा आणि बाकीचे सगळे ती पुसून टाकायची. आणखी एक गंमत होती, पण ती तिच्या ध्यानात आलेली नव्हती. तिच्या खेळात पत्ता निवडणारं कुणी नसायचं. तीच निवडायची, तीच हरवायची आणि तीच शोधून काढायची.

जादूगार चार-पाच दिवसांनी पुन्हा आला. काडी सैल झाली म्हणे. तिने भिंग लावून बघितलं तर स्क्रूच्या डोक्यावर ताजे ओरखडे होते, घरच्या सुरीचे. म्हणजे गड्याने स्वतःच सैल केला होता. तिने काही न बोलता घट्ट करून दिला. पुढच्या आठवड्यात दुसरी काडी सैल झाली.

"ह्या वेळी सुरी नका वापरू," ती म्हणाली. "स्क्रूचे आटे जातात. नुसतं यायचं असेल तर नुसतं या."

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. काकांनी पेपर तोंडासमोर धरला, पण पेपर हलत होता.

मग तो नुसता यायला लागला. खेळाला जायच्या आधी, दुकान रिकामं असताना. काउंटरवर कोपर टेकून बोलत बसायचा, आणि बोलायचा तरी किती. टेबलाटेबलावर फिरून खेळ करणाऱ्या माणसाचं तोंड बंद कसं राहणार. कोणत्या टेबलावर नवरा-बायकोचं भांडण चालू होतं, कोणत्या आजोबांनी पत्ता काढून खिशातच ठेवला आणि परत द्यायला नकार दिला, सगळं साभिनय. ती ऐकत काचा पुसत राहायची. एकच काच तीनतीनदा पुसली जाते हे काकांनी एकदा बोलून दाखवलं, तेव्हा तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

एकदा त्याने खिशातून फोन काढला. म्हणाला, तुमची नजर बारीक आहे, हा माणूस बघा आणि ह्याची चूक काढून दाखवा. पडद्यावर निळं कापड होतं आणि कापडावर तिचेच हात. तो सांगत सुटला. ह्या माणसाचे व्हिडिओ मी वर्षभर बघतोय, हळू करून बघतोय, आरशासमोर बसून त्याच्यासारखं करायला बघतोय, काही केल्या जमत नाही. देवाने हात द्यावे तर असे.

"चूक नाहीये," ती म्हणाली. तोंड कोरडं पडलं होतं.

"चूक नाही, पण मला ह्याची कीव येते." तो पडद्याकडे बघतच बोलत होता. "ह्याच्याकडे कधी कुणी पत्ताच निवडत नाही. बघा ना... स्वतःच काढतो. घरात कुणी नसावं बिचाऱ्याच्या."

तिने काच खाली ठेवली. आतल्या खोलीतून काहीतरी आणायचंय असं म्हणून गेली आणि कपाटाचं दार उघडून नुसती उभी राहिली. एवढे दिवस हजारो लोकांनी ते हात बघितले. कुणालाही जे दिसलं नाही ते ह्या बडबड्याला दिसावं... तिला राग आला, आणि रागाच्या खाली जे होतं ते रागापेक्षा बरंच मोठं होतं.

एका रविवारी तो म्हणाला, एकदा खेळ बघायला या की. ती नाही म्हणणार होती. काका म्हणाले, जाईल ती, मी दुकान बघतो. झालं.

रेस्टॉरंट साधंच होतं. पिवळे दिवे, चमच्यांचा किणकिणाट, बाहेर बारीक पाऊस आणि काचांवर वाफ. तिला त्याने कोपऱ्यातल्या लहान टेबलावर बसवलं, पुढ्यात सूप ठेवायला लावलं आणि तो कामाला लागला. ती सवयीने त्याचे हात बघत होती आणि मनात चुका काढत होती. पिसताना पत्ते तिरके जातात. एक तर चक्क खाली पडला. तिच्या घरी पत्ता पडला की सगळं पुसून पहिल्यापासून. इथे तो पत्त्याकडे बघून म्हणाला, ह्याला घरी जायची घाई झाली आहे, आणि सगळं टेबल हसलं. पत्ता उचलून द्यायला तिघंजण वाकले. ज्या बाई मघापासून कपाळाला आठ्या घालून बसल्या होत्या त्यांनी तो उचलून त्याच्या हातात दिला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही आलं की जणू आपणच जादू केली आहे.

शेवटी तो तिच्या टेबलाशी आला. पंखा पसरला. म्हणाला, काढा. तिने चौकटची राणी काढली, परत ठेवली आणि डोळ्यांत तेल घालून त्याची बोटं बघायला लागली. करंगळी... अंगठा... आता खालचा भाग वर येईल.

"आज दमलात का?" त्याने विचारलं. एवढंच. खेळाच्या आवाजात नाही, अगदी हळू, जसं घरचं माणूस दारात विचारतं.

कुणी हा प्रश्न तिला किती दिवसांत विचारला नव्हता. तिने वर बघितलं. त्याच्या चष्म्यावर पावसाचा एक थेंब होता आणि त्यामागचे डोळे खरंच उत्तराची वाट बघत होते. ती "थोडीशी" म्हणाली. आणि पुन्हा खाली बघितलं, तर चौकटची राणी तिच्या सूपच्या बशीखाली होती.

कधी? कशी? तिला काही म्हणजे काही कळलं नव्हतं. पत्त्यांनी तिच्या हातावर तुरी दिल्या होत्या, आयुष्यात पहिल्यांदा. तिला लहान मुलीसारखं हसू फुटलं. तो मात्र हसला नाही. तिच्याकडे बघत राहिला, आणि शेजारच्या टेबलावरच्यांना त्याला दोनदा हाक मारावी लागली.

खेळ संपल्यावर दोघं बाहेर पडले. पाऊस थांबला होता, फुटपाथ ओला होता. तो म्हणाला, आज जमलं, पण हात माझे यथातथाच, ते तुम्हाला माहीतच आहे. तो व्हिडिओवाला असता तर...

तिने हात पुढे केला. "कॅट द्या."

कडेला कठडा होता. तिने रुमाल पसरला, त्याला बरोबर समोर उभं केलं, एक पाऊल मागे सरा म्हणाली, आणि मान खाली घालून पत्ते हातात घेतले. त्याने वर्षभर हळू करून करून बघितलेली तीच हालचाल त्याच्यासमोर झाली. पत्ता होता, नव्हता, पुन्हा होता. पाण्यासारखा.

तो कठड्याच्या ओल्या दगडावर तसाच बसला.

"तो माणूस... तुम्ही?"

"माणूसच की मी."

त्या रात्री ते तिच्या घरापर्यंत चालत आले, आणि तिने त्याला सगळं सांगितलं. आईचा कॅट, निळं कापड, पुसून टाकलेल्या संध्याकाळी. तू बोललास ते खरं होतं, घरात खरंच कुणी नाही, असंही सांगितलं. एकमेकांना तुम्ही म्हणणं कधी गळून पडलं ते दोघांनाही कळलं नाही. तो म्हणाला, मी बोललो ते विसर. ती म्हणाली, नाही विसरणार, ते फक्त तुलाच दिसलं.

इथवर सगळं छान होतं. इथेच थांबायला हवं होतं, पण प्रेमात पडलेल्या माणसाला वाटतं, आपल्याला जे दिसलं ते साऱ्या जगाला दिसावं. तो मागे लागला. एकच टेबल कर. मी शेजारी असेन. एवढे हात घेऊन तू खोलीत बसतेस आणि मी पत्ते पाडत फिरतो, हा कुठला न्याय. ती नाही नाही म्हणत होती. पण त्याच्या चेहऱ्यावरचा तो उत्साह तिला मोडवेना. शिवाय खरं सांगायचं तर तिलाही एकदा बघायचं होतं. आपल्या पुढ्यात कुणी पत्ता निवडला तर कसं वाटतं ते.

ठरलेल्या दिवशी त्याने तिला चांगलं टेबल निवडून दिलं. एक मध्यमवयीन जोडपं, त्यांच्या सोबत एक काकू, आणि एक गृहस्थ. हसऱ्या तोंडाची माणसं. टेबल गोल होतं. ह्या साध्या गोष्टीचा विचार ना त्याने केला होता ना तिने. तिच्या घरी बघणारा एकाच जागी, स्टँडवर असायचा. इथे माणसं चारी बाजूंनी होती.

तिने नमस्कार केला तोसुद्धा टेबलावर वीतभर उंचीवरच्या हवेला, जिथे एरवी फोन असतो. गृहस्थांनी पत्ता काढला, किलवरची दश्शी. तिचे हात सुंदर चालले. समोरून बघणाऱ्याला काही दिसलं नसतं. पण डावीकडच्या काकू मायेने पुढे वाकल्या आणि म्हणाल्या, अगं, तुझ्या तळहातात एक पत्ता अडकून राहिलाय बघ.

तिने काय करावं? तिने तेच केलं जे ती रोज संध्याकाळी करते. पत्ते गोळा केले, कापडाची सुरकुती सारखी केली, खांदे सैल सोडले आणि म्हणाली, "परत घेते."

टेबलावरच्यांनी एकमेकांकडे बघितलं.

"तुम्ही मगाचाच पत्ता परत निवडा," ती गृहस्थांना म्हणाली, अगदी मनापासून. "आणि मगाशी हसलात ना, तसंच हसा. बाकी सगळं ठीक होतं."

एक क्षण गेला, आणि मग टेबल खदखदून हसलं. वाईट हसू नव्हतं ते, पण तिला ते कसं कळावं. तिच्या कानात वारं भरल्यासारखं झालं. हातातले पत्ते सुटले आणि पसरले. तिथे तो धावत आला. आता सांभाळून घेईल, असं तिला वाटलं. त्याने सांभाळून घेतलंही, पण टेबलाला, तिला नाही.

"काय आहे," तो लोकांकडे बघून म्हणाला, खेळाच्या आवाजात, "ह्यांच्या घरी बघायला कुणीच नसतं. त्यामुळे आजवर तक्रार आली नाही."

टेबल आणखी हसलं. तिने पर्स उचलली आणि ती चालायला लागली. दारातून बाहेर पडेपर्यंत तिने धीर धरला, तेवढं मात्र तिचं कौतुक करायला हवं.

पुढचे दिवस तिने दुकानात मान खाली घालून काढले. त्याचे फोन येत होते, ती उचलत नव्हती. ताईचा आला. धाकटे, आवाज का असा, सर्दी झाली का? तिने हो म्हटलं. तिने नवा व्हिडिओ केला, इतका स्वच्छ की पूर्वी कधी झाला नव्हता. बघणाऱ्यांनी कौतुकाचा पाऊस पाडला. ते सगळं वाचून झाल्यावर तिने फोन पालथा ठेवला आणि शेजारच्यांच्या घरातलं हसणं-बोलणं भिंतीतून ऐकत बसली. पूर्वी ह्या घरात ती एकटी होती, आता त्याच्याशिवाय होती. पहिलं निभत होतं, दुसरं निभेना.

शेवटी तो दुकानात आला. दाराशीच उभा राहिला. काका लगेच म्हणाले, मी जरा चहा घेऊन येतो, आणि चप्पल उलटी घालून निघून गेले.

त्याच्या हातात पत्ते नव्हते. हातांचं काय करायचं ते त्याला समजत नव्हतं, खिशात घालत होता, काढत होता. त्याने जे सांगितलं ते तुटक तुटक होतं.

"टेबलावर शांतता झाली की मला भीती वाटते. मग हाताला लागेल ते फेकतो मी. त्या दिवशी... तू मला दिलेलं हाताला लागलं."

तिला रडायला येत होतं आणि तिला ते ह्या माणसासमोर नको होतं. मग त्याने दुसरी गोष्ट सांगितली. समुद्रावरच्या प्रवासी जहाजावर खेळ करायचं काम मिळालं होतं. वर्ष तरी लागणार. येत्या गुरुवारी सकाळच्या बसने निघायचं, बंदर लांब आहे. तू थांब म्हणालीस तर... असं काहीतरी तो पुटपुटला, पण वाक्य पुरं केलं नाही.

तिच्या मनात काय काय आलं. जा म्हणावं, जाऊ नको म्हणावं, तुझा अजून राग आहे म्हणावं, आणि तू गेलास तर ह्या दुकानाच्या दारातून कोण येणार म्हणावं. तोंडातून निघालं ते, "बरं."

त्याने मान हलवली. थोडा वेळ थांबला, आणि गेला. काकांनी चहा आणला तो तीन कप. तिसरा तसाच गार झाला.

बुधवारी तिने काकांना सांगून दुपारीच दुकान सोडलं. घरी येऊन टेबल पुसलं, निळं कापड काढून ठेवलं, आणि स्टँड उंच करून फोन आपल्या चेहऱ्यासमोर आणला. जे बोलता आलं नाही ते आता बोलून पाठवायचं. खिडकीतून ऊन चांगलं येत होतं.

पहिल्या वेळी ततपप झालं. परत. दुसऱ्या वेळी मधेच रडू आलं. परत. मग शब्द बसत गेले. "तू जा, मी वाट बघेन" ह्या ठिकाणी थांबायचं, श्वास घ्यायचा आणि मग "मला तू आवडतोस" म्हणायचं. ऊन सरकलं तशी तिने खुर्ची सरकवली. दिवस कलला तेव्हा एक प्रयत्न असा झाला की त्यात काही काढायला जागा नव्हती. आवाज स्थिर, डोळ्यांत पाणी, पण गालावर नाही. ह्याला म्हणतात जमलं.

पाठवायच्या आधी तिने तो बघितला. एकदा, आणि परत एकदा. पडद्यावरची बाई फार छान बोलत होती. चूक नव्हती. पण ह्या बाईला कुणीही आवडू शकला असता. ती कुणाकडे बघतच नव्हती, एका काळ्या ठिपक्याकडे बघत होती, आणि तिला भीती कशी ती वाटत नव्हती. तिने सगळे प्रयत्न पुसले, हाही पुसला. आणि मग मात्र तिची पाचावर धारण बसली, कारण आता उरला होता तो बसस्टँड.

गुरुवारी सकाळी धुकं होतं. बस लागलेली होती, इंजिन घरघरत होतं. तो बाकावर पेटीला पाय टेकवून बसला होता, शेजारी एक म्हाताऱ्या बाई गाठोडं मांडीवर घेऊन. तिला बघून तो उठला आणि पेटी पायावर पडली. त्याच्या तोंडून आवाज निघाला नाही, पण दुखलं असणार.

"मी काल हे बोलून ठेवलं होतं," ती म्हणाली. "फार छान झालं होतं. आता आठवत नाहीये."

त्याने पेटी बाजूला सारली.

"तू जा. म्हणजे जाऊ नको असं मी म्हणत नाहीये. म्हणते आहे, पण तू जा. मला त्या दिवसाचा राग आहे. अजून आहे. तो तू आल्यावर काढणार आहे मी, त्यामुळे तुला यावं लागेल. आणि ते सूप... नाही, सूपचं नाही सांगायचं. तू विचारलंस ना, दमलात का? मी तेव्हा थोडीशी म्हणाले. थोडीशी नव्हते रे. मी फार दमले होते. किती वर्षं." तिचं नाक वाहायला लागलं होतं आणि रुमाल पर्समध्ये सापडेना. तिने एकदाही मान खाली घातली नाही. "मला तू आवडतोस. हे आधी सांगायचं होतं."

गाठोडंवाल्या बाई हातातलं बिस्कीट खायचं विसरल्या होत्या. आता तो काहीतरी बोलेल, असं त्यांनाही वाटत होतं. कसल्याही टेबलावर ज्याची जीभ अडली नाही तो माणूस तोंड उघडत होता, मिटत होता. त्याने चष्मा काढला, शर्टाला पुसला, तो आणखी धुरकट झाला.

"अहो, बोला की," बाई न राहवून म्हणाल्या. "गाडी निघेल."

"माझा खेळ संपला की लोक टाळ्या वाजवतात आणि जेवायला लागतात," तो म्हणाला. हळू, अडखळत. "मी पुढच्या टेबलावर जातो. संपल्यावर... संपल्यावर माझ्यापाशी कुणी थांबलेलं नाही आजवर. मला माहीत नाही, तेव्हा काय बोलायचं असतं."

"काही नाही बोलायचं."

"तू आवडतेस हेसुद्धा नाही?"

"ते बोल."

"आवडतेस," तो म्हणाला, आणि पुढे त्याला बोलता येईना. तिने त्याच्या बाहीला धरलं. त्याने तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. ज्या हातांकडे तो वर्षभर बघत आला होता त्यांतला हा हात गार पडला होता आणि ओला होता. त्याने तो तसाच घट्ट धरून ठेवला.

कंडक्टरने घंटी दिली. बाई आधी चढल्या आणि खिडकीजवळची जागा त्याच्यासाठी सोडून पलीकडे बसल्या. तो चढला, काच सरकवायला गेला, ती अडकली. त्याने आतून आणि तिने बाहेरून ओढली तेव्हा कुठे वीतभर उघडली. त्या फटीतून तो म्हणाला, पोहोचलो की फोन करतो. ती म्हणाली, काय बोलशील? तो म्हणाला, माहीत नाही. ती म्हणाली, चालेल.

बस मागे आली, वळली, धुक्यात शिरली. ती फलाटाच्या कडेला उभी होती. तिने हात वर केला आणि हलवला, सगळी माणसं हलवतात तसा, वेडावाकडा. बस दिसेनाशी झाली तरी ती हलवतच राहिली.